हिरवी जीप आन पांढरं पातळ

त्या दिवशी कोण कोण होतं ते आधी सांगते. जीप चालवाले पोरीचे बाबा, म्हंजे माझे मालक, मिल्ट्रीत हवालदार. त्यांच्या बाजूले आमची पोरगी, सातवी पास, उजवा पाय पोलिओनं बारीक झालेला. मागं मी आन माझे सासरे, त्यांले मी मामाजी म्हणे. माझा दीर मागच्या बाजूले लटकून उभा, बसा म्हणलं तरी बसला नाई. घरच्या दारात सासूबाई, त्यांले मी आत्याबाई म्हणे, आमचं धाकटं पोरगं कडेवर घेऊन. आन रस्त्यातल्या गावचा एक जवान पोरगा आन त्याची माय. त्या मायलेकाईले आम्ही त्या दिवसाच्या आधी कधी पाह्यलं नोतं. या साऱ्यातून आता मी, माझी दोन लेकरं आन तो जवान पोरगा एवढे उरलो. तोही आता म्हातारा झाला.

मी चौथीपर्यंत शिकली. जसं बोलते तसंच लिहून राह्यली.

पोरीचे बाबा तवा पुलगावले होते, मिल्ट्रीच्या गाड्या दुरुस्त कराच्या कामावर. आमाले क्वार्टर होतं, दोन खोल्या आन नळ. मिल्ट्रीत बायकोले फॅमिली म्हणते. पहिल्यांदा एका साहेबानं पोरीच्या बाबाले विचारलं, "फॅमिली कशी आहे?" तं मी मनात म्हणलं, सासूसासरे आन दीर गावाकडं आहे, ह्या साहेबाले त्याईची कायची काळजी? मंग समजलं का मीच फॅमिली. एकटी असली तरी फॅमिली, लेकरं धरून असली तरी फॅमिली.

पोरगी तीन वर्षाची असताना तिले ताप आला आन पाय गेला. आम्ही तवा दुसऱ्या ठिकाणी होतो, थंडीच्या मुलखात. मिल्ट्रीच्या दवाखान्यात तिले लोखंडाच्या पट्ट्याचा बूट करून देला. तो घालून ती घरात, अंगणात चाले. लांब चालणं होये नाई, मांडीले घट्टे पडत. पण पुलगावले शाळेचं काही अडलं नाई. सकाळी मिल्ट्रीचा मोठा ट्रक लेकरं घ्याले ये. ड्रायव्हर खाली उतरे, पोरीले काखेत धरून वर ठेवे आन म्हणे, "चला मेमसाब." पोरगी त्याले म्हणे, "धीरे चलाना ड्रायव्हर, कल मेरा भेजा हिल गया." त्या शाळेत ती सातवीपर्यंत गेली. वर्गात कधी तिसरी, कधी दुसरी. मास्तरीणबाई मले म्हणाली होती, "हिचं शिक्षण बंद करू नका. पायानं काही होत नाही, डोकं आहे."

मंग बदली आली. लय लांब, बर्फाच्या मुलखातली. फॅमिली नेता येत नाई अशी जागा. क्वार्टर खाली करा लागलं. आम्ही सारं काळ्या पेट्यात भरलं, पेट्यावर पोरीच्या बाबानं पांढऱ्या रंगानं त्यांचा नंबर टाकला. पेट्या गावाकडं चालल्या तवा पोरगी मले म्हणे, "माय, आठवी कोठं?"

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल समुद्रपूरले. आमचं गाव समुद्रपूर तालुक्यातच, पण डांबरी रस्त्यापासून आत. यष्टी डांबरीवरून जाये, गावात येये नाई. मधातला रस्ता काळ्या मातीचा. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखलाचा असा गारा का बैलाचा पाय घुटण्यापर्यंत जाये आन चाक आसापर्यंत. गावचे चांगल्या पायाचे पोट्टे चपला हातात घेऊन डांबरीपर्यंत जात. पोट्टी तं एकही जाये नाई. आता आमची जाईन कशी? होस्टेलचं विचारलं, ते म्हणे स्वतःचं पाणी स्वतः भरणारी पोरगी पाह्यजे. हिंगणघाटले माझी बहीण होती, तिच्याकडं आठ दिवस ठेवून पाह्यलं. तिथं बाहेर जाले नाल्यापर्यंत चालत जा लागे. बहिणीनंच आणून सोडली, रडत. म्हणे, "बाई, तिले उचलून माझी कंबर गेली, आन ती लाजेनं पाणी प्याचंच बंद झाली."

तं मंग एकच गोष्ट होती, ती जीप.

ती जीप पोरीच्या बाबानं दोन वर्षं आधी लिलावात घेतली होती. जुन्या लढाईतली, डाव्या हाताकडून चालवाची. मिल्ट्रीनं कंडम करून काढून टाकलेली. काऊन घेतली म्हणलं तं म्हणे, "पाह्यली आन सोडवली नाई." डांबरीपर्यंत ट्रकवर टाकून आणली आन तिथून दोन बैलजोड्या लावून गावात ओढत नेली. सारं गाव पाहाले आलं. बैलाच्या मागं मोटार पाहून लोकाईले हसू आवरे नाई. आत्याबाई म्हणाली, "लोकाईचे लेक घरी रेडिओ आणते, आमच्यानं मढं आणलं."

मढंच होतं ते. इंजन जाम धरलेलं, पुढच्या चाकाचा दांडा गायब, बसाची जागा उंदराईनं खाल्लेली. आमच्या घरासमोर कडुनिंब होता, त्याच्या खाली ठेवली. वर कोंबड्या बसत. एखाद्या सुट्टीत पोरीचे बाबा पुलगावून येत, थोडं खोलत आन परत जात. लोक त्यांले इचारत, "काय हवालदार, कवा उडते इमान?"

पण बदली आली तवा त्यांनी वर्षाची सारी सुट्टी एकदम घेतली, उन्हाळाभर. घरी आले त्या दिवशी चहाही नाई पेले. जीपपाशी गेले, बॉनेट उघडलं आन मामाजीले म्हणे, "बाबा, शाळा उघडाच्या आधी हे चाललं पाह्यजे. हिचं पुढचं चाकही इंजनावर चालते, मांगचंही. चारही चाकं ओढते. आपल्या गाऱ्यातून जाईन तं हेच जाईन, दुसरं काहीच नाई जाऊ शकत."

मामाजी म्हणे, "आन तू गेल्यावर चालवन कोण?"

"भाऊ चालवन. मी शिकवून जातो."

माझा दीर तिथंच होता. तो म्हणे, "दादा, म्या तं आजपर्यंत सायकलही दोनदा पाडली."

"जीप पडत नाई," पोरीचे बाबा म्हणे. "पाडूनच दाखव तू."

असं ठरलं. दीर रोज सकाळी पोरीले समुद्रपूरले सोडन, दुपारी आणन. मधातल्या वेळात बाजारहाटाच्या लोकाईले नेईन, त्यात पेट्रोल निघन. ठरलं तं असं ठरलं का जसं उद्यापासूनच आहे.

तो उन्हाळा आमच्या साऱ्या घरानं जीपवर घालवला. इंजनात त्यांनी वरून रॉकेल आन जुनं तेल ओतून ठेवलं, मंग हँडल लावून रोज थोडं हलवून पाह्यत. एक दिवस ते हललं. एवढंसं, पण हललं. पोरगी वर बसली होती, तिनं टाळ्या पिटल्या. पाण्याची टाकी गळे, तर कल्हईवाला बोलावला. तो म्हणे, "मी पातेल्याले करतो, मोटारीले कधी केलं नाई." पोरीचे बाबा म्हणे, "हेही पातेलंच समज, उभं केलेलं." पेट्रोलच्या टाकीत गोटे टाकून मी आन आत्याबाईनं ती दोघीनं धरून हलवली, मसाला पाखडल्यासारखी, आतून गंज निघन म्हणून. काळं पाणी निघे. आत्याबाई शिव्या देत हलवे, पण हलवे. चाकावरचे लोखंडी पट्टे गावच्या खाती लोहारानं ठोकून देले. बसाच्या जागेत मी घरची रुई भरली, सरकी काढून, कारण सरकी राह्यली का उंदीर येतेच. वरून जुन्या ताडपत्रीची खोळ शिवली.

पुढच्या चाकाच्या दांड्यासाठी ते तीनदा नागपूरले गेले, भंगारवाल्याईकडं. तिसऱ्यांदा खांद्यावर घेऊन आले, यष्टीच्या टपावर टाकून. कंडक्टरनं म्हणे भांडण केलं का हे तोफेचं नळकांडं आहे का. त्या दिवशी पोरीचे बाबा जेवताना हसले. मी त्यांले तसं हसताना थोड्याच वेळा पाह्यलं.

पोरीनं गेअर पाठ केले. तिचे बाबा डोळे मिटून म्हणत, "तिसरा," आन ती दांडा सरकवून दाखवे. दीर शिकत होता, तिच्यापेक्षा हळू. मोकळ्या वावरात दोनदा त्यानं बांधावर चढवली. पोरगी बाजूले बसून ओरडे, "काका, क्लच! क्लच म्हणलं, ब्रेक नाई!" दीर म्हणे, "बाई, तूच चालव, मी शाळेत जातो." ती म्हणे, "तुले आठवीत कोण घेईन, तू चौथीत तीनदा बसला."

रंगाची गोष्ट सांगून ठेवते, कारण ती पुढं लागते. दीर म्हणे पांढरी करू. "लग्नाच्या सिझनले नवरदेव बसवून नेऊ दादा, मागणी राहीन."

पोरीचे बाबा म्हणे, "गाडी हिरवी असते."

"मिल्ट्रीची असते न हिरवी. आपली..."

"गाडी हिरवी असते," ते परत म्हणे.

ते एकोणीस वर्षाचे असताना भरती झाले. गाडी म्हंजे हिरवीच, हे त्यांच्या हातात बसलेलं होतं. हिंगणघाटच्या दुकानात तो रंग मिळाला नाई. तवा त्यांनी हिरवा, काळा आन पिवळा आणून डब्यात घोटून घोटून बरोब्बर तोच रंग बनवला. वाळल्यावर हात फिरवून पाह्यलं. मामाजी म्हणे, "अस्सल उतरला." कोणाच्याच मनात दुसरं काही आलं नाई. नंबर काढाचा होता, पासिंग कराचं होतं. लिलावाचा कागद होता फक्त. ते म्हणे, "शाळा आधी. पासिंगचं मी जाच्या आधी वर्ध्याले करून टाकतो."

जीप पहिल्यांदा सुरू झाली तवा गावातले कुत्रे गावाबाहेर पळाले. आत्याबाईनं पुढं निंबू आन मिरची लटकवली. मामाजीनं पाह्यलं आन म्हणे, "हे काय? आपण धम्म घेतला तवा हे सारं सोडलं न?"

"मी कोठं बांधून राह्यली," आत्याबाई म्हणे, "मिरच्या वाळत घातल्या."

आता त्या वर्षाची गोष्ट. त्या वर्षी आणीबाणी होती, नसबंदीची लय बोंब होती. खरं किती आन खोटं किती हे मले माहीत नाई, मी काही पाह्यलं नाई. पण बाजारात बाया सांगत का गाड्या येते, रस्त्यातून माणसं उचलून नेते, लग्न झालेलं का नाई झालेलं ते पाह्यत नाई, कॅम्पात नेऊन कापते. आमच्या गावात एकही गाडी आली नाई. पण लोक वावरात झोपाले जात. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला का माणसं उठून बसत. आमच्या जीपचा आवाज आमच्या गावाले सवयीचा झाला होता. बाकी गावाईले तो माहीत नोता, हे कोणी मनात घेतलं नाई.

शाळेत नाव घालाचा दिवस आला. पोरीच्या बाबाले आठ दिवसाच्या आत वर्ध्याहून गाडी पकडाची होती. सकाळी त्यांनी मिल्ट्रीचा ड्रेस घातला, इस्त्री करून, बिल्ले लावून. मी म्हणलं, "सुट्टीवर आहा न?" ते म्हणे, "हेडमास्तरसमोर ड्रेसमधी जावं. पोरीच्या पायाकडं पाह्याच्या आधी माह्याकडं पाहीन." मले मामाजी म्हणे, "सुनबाई, आज पांढरं घाल." आमच्या वस्तीतली पहिली पोरगी हायस्कूलले चालली होती. आमच्यात चांगल्या कामाले बायका पांढरं पातळ घालते, लग्नाले, विहारात जायाले. माझ्याजवळ एकच होतं, किनार नसलेलं. ते घातलं. पोरीची पुस्तकाची लोखंडी पेटी मांडीवर घेतली, ती नवी होती, चकचकीत.

आता हे डोळ्यासमोर आणा. हिरवी जीप, नंबर नाई. चालवणारा ड्रेसवाला. मागं पांढरं पातळ घालून बाई, मांडीवर पेटी. मागं एक दांडगा माणूस लटकून उभा. आम्ही घरचे लोक होतो. आमाले आमी दिसलो नाई.

रस्त्यात एक गाव लागे, कुणब्याईचं. दोन पाऊस होऊन गेले होते, गारा होता, आन जीप अशी चालली का काय सांगू. पुढचं गेअर टाकलं का नुसती ओढत नेये. पोरगी मागं पाहून मले म्हणे, "माय, रोज अशी जाईन मी." मामाजीच्या डोळ्यात पाणी होतं, ते म्हणे धूळ गेली. गाऱ्यात धूळ कायची.

गावाच्या अलीकडं वावरात माणसं पेरणी करत होते. एकानं वर पाह्यलं. मले आठवते तो कसा उभा राह्यला, हात कपाळावर धरून. मंग तो ओरडला, "आली रे! आली! नर्स घेऊन आली!" आन सारे पळाले. बैल सोडून, तिफणी सोडून. मले आधी वाटलं साप निघाला असन. पोरीच्या बाबाले समजलं नाई, त्यांनी गाडी थांबवली आन खाली उतरून हात केला, "अरे भाऊ, काय झालं?" ड्रेसवाला उतरला, हात केला, मंग काय. जे हळू पळत होते तेही जोरात पळाले. एक जवान पोरगा काट्याच्या कुंपणावरून उडी मारून गेला. कुंपणाच्या पलीकडं मुरमाची खदान होती, आठदहा हात खोल. तो खाली गेला. आवाज मी ऐकला.

त्याचं मांडीचं हाड मोडलं होतं. पोरीचे बाबा आन दीर खदानीत उतरले, त्याले वर आणलं. तो हात जोडे. "साहेब, माहं लग्न आहे. माहं लग्न ठरलं आहे. सोडा साहेब." पोरीचे बाबा त्याले म्हणे, "अरे आम्ही ते नाई. पोरीले शाळेत घेऊन चाललो." पण तो माझ्या पातळाकडं पाहे आन डोळे मिटून घेये.

तवरक गावातून बाया आल्या, मंग माणसं, काठ्या घेऊन. त्याची माय सगळ्यात पुढं. तिनं माझा पदर धरला. "काय घातलं माह्या लेकराले? काय टोचलं?" मी पेटी उघडून दाखवली. आत पाटी, दोन वह्या, कंपास. ती पाहत राह्यली. मंग खालीच बसली. कोणी गोटा मारला तो जीपच्या काचेले लागला. मामाजी उठून उभे झाले आन मोठ्यानं म्हणे, "मारा, पण आधी पोरगा दवाखान्यात जाऊ द्या. दुसरी गाडी नाई इथं." हे खरं होतं. दुसरी गाडी नोती.

त्या पोराले जीपमंधी आडवा करा लागला. जागा नोती. तवा पोरीच्या बाबानं पोरीले काखेत धरून उतरवलं आन रस्त्याच्या कडेले, आंब्याच्या मुळीवर बसवलं. मीही उतरली, मामाजीही उतरले. जीप त्या पोराले घेऊन गेली, त्याची माय मागं बसली, दीर धरून बसला. चारही चाकं ओढत होते. आम्ही पाहत राह्यलो जवरक दिसली तवरक. गावचे लोक आमच्यापासून दूर उभे राह्यले, मंग एका बाईनं पोरीले पाणी आणून देलं. पोरगी मले म्हणे, "माय, चालते मात्र चांगली."

आम्ही तिघं घरी पायी आलो. पोरीले मी आन मामाजीनं आळीपाळीनं पाठीवर घेतलं.

वर्ध्याच्या दवाखान्यात पोराले भरती केलं. तिथं पोलिस आले, कारण हाड मोडलं का ते विचारतेच. हिरवी गाडी, मिल्ट्रीचा रंग, नंबर नाई, पासिंग नाई, चालवणारा ड्रेसवर. जमादार भला माणूस होता, दीर सांगे. तो म्हणे, "हवालदारसाहेब, मले समजते. पण हा रंग बाहेरच्या माणसाले लावताच येत नाई, हे तं तुमाले माझ्यापेक्षा जास्त माहीत पाह्यजे." पोरीच्या बाबाले खरंच माहीत नोतं. ज्याले तो रंग लावाची परवानगीच होती त्याले कोण सांगन का बाकीच्याले नाई म्हणून? जीप ठाण्यात ठेवून घेतली. कोर्टातून सोडवून न्या म्हणे.

आठ दिवसाच्या आत कोर्ट होत नाई. ते गेले. वर्ध्याच्या टेशनवर आम्ही सोडाले गेलो. पोरीनं विचारलं, "बाबा, कोर्टाचं काका करन का?" ते म्हणे, "करन. तू तवरक घरी वाचत राहजो." गाडी सुटली. मिल्ट्रीवाला आधी जाते, मंग जे होते ते फॅमिलीले करा लागते.

दीर कोर्टात गेला. पयले तारीख, मंग दुसरी. जीप ज्याच्या नावावर तो माणूस पाह्यजे म्हणे. तो बर्फात. मी अंगठा नाई, सही करते, ती केली. चालली नाई. वर्षभरानं पोरीचे बाबा सुट्टीवर आले तवा कोर्टाले सुट्ट्या. त्याच्या पुढच्या वर्षी आले तवा वकील बदलला. आम्ही काही कमी केलं नाई. गाडीबैल लावून पोरीले शाळेत नेऊन पाह्यलं, नाव घातलं. पावसाच्या दोन महिन्यात गाडी अर्ध्या रस्त्यातच बसे. बैल बसले का उठत नाई. मंग हजेरी भरे नाई. मास्तर म्हणे, "पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी ती मोठी झाली होती, साऱ्या अर्थानं, आन वर्गातल्या पोराईच्या मधात बसाले तिले नको वाटलं. तिसऱ्या वर्षी मी विचारलंही नाई.

ठाण्यापुढून यष्टी जाये. पोरगी दवाखान्यात बूट नीट कराले जाये तवा खिडकीतून जीप दिसे. आधी चाकं गेले, मंग मी शिवलेली खोळ. रंग मात्र तसाच राह्यला. ती एकदा म्हणे, "बाबानं रंग चांगला घोटला होता."

त्या पोराचंही सांगते. त्याचा पाय आखूड झाला. ठरलेलं लग्न मोडलं. मले तो लय वर्षानं बाजारात भेटला, भाजी घेत होता. मी त्याले ओळखलं चालीवरून. त्यानं मले ओळखलं नाई, मीच सांगितलं. तो उभा राह्यला. मंग म्हणे, "बाई, एक विचारू? तुम्ही पांढरं पातळ काऊन घातलं होतं त्या दिवशी?"

मी म्हणलं, "आमच्यात शुभ असते ते."

तो म्हणे, "आमच्यात तं रांड... म्हंजे विधवा घालते. नाई तं नर्स." मंग त्याले एकदम हसू आलं, आन मलेही आलं. बाजारात दोघं हसत उभे. त्यानं मले चार वांगे देले, पिशवीतून काढून. मी घेतले.

पोरीचे बाबा पेन्शनीवर आले. एक दिवस समजलं का ठाण्यातल्या जुन्या गाड्याईचा लिलाव आहे. ते सकाळीच गेले, पांढरा सदरा घालून. मी मनात आस धरून बसली. दुपारी आले, चपला काढल्या, पाणी मांगितलं.

मी म्हणलं, "कोणी घेतली?"

"भंगारवाल्यानं."

"तुमी बोली बोलले नाई?"

त्यांनी पाणी पेलं. पोरगी ओट्यावर बसून कापूस वेचत होती, सरकी वेगळी काढत होती. त्यांनी तिच्याकडं पाह्यलं आन म्हणे, "बोलून काय करू? तिले आता कोण्या शाळेत नेऊ?"

पोरगी ऐकत होती. तिनं हातातलं काम थांबवलं नाई.

त्यानंतर त्यांनी घरात काहीच दुरुस्त केलं नाई. कंदील बिघडला तरी मामाजीले देत. गेले तवा त्यांच्या हातावर रंगाचा डाग नोता, काळं ग्रीस नोतं, साफ हात होते. मिल्ट्रीनं माणसं पाठवले होते, बंदुका वाजवल्या. गाव पाहाले आलं.

पोरगी माझ्याजवळ आहे. लग्न झालं नाई. तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे झाले. सामान ज्या कागदात बांधून येते तो कागद ती सरळ करून वाचते, मंग चुलीत टाकते. रस्ता आता डांबरी आहे, गावात यष्टी येते, पोट्ट्या सायकलवर हायस्कूलले जाते, निळे फ्रॉक घालून. ती दारात बसून त्यांले जाताना पाह्यते. येताना पाह्यत नाई, तवा ती आत जाते.

मले कोणाची चूक काढाची नाई. काढाले गेली तं कोणाचीच सापडत नाई, हेच खराब आहे.

तुमी हे वाचणारे कोण आहा, मले माहीत नाई. एक सांगणं आहे. कोण्या रस्त्यानं तुमची गाडी रिकामी जात असन आन कडेले एखादी पोरगी दप्तर घेऊन उभी दिसन, तं थांबवजा. तिले कोठं जाचं आहे ते विचारजा आन तिथं नेऊन सोडजा.